विषयप्रवेश

तत्त्वज्ञान पुरतं शिकलेला माणूस शेजारी म्हणून चांगला. तो बहुधा गप्प असतो, आणि बोललाच तर समोरच्याला काही कळत नाही, त्यामुळे भांडण होत नाही. अजिबात न शिकलेले तर आपण सगळेच आहोत. खरी पंचाईत असते ती नुकतंच शिकायला लागलेल्याची. आमच्या वरच्या मजल्यावरचे नाना गेली कित्येक वर्षं नुकतंच शिकायला लागलेले आहेत.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर चार लोक करतात ते सगळं नानांनी करून पाहिलं. हास्यक्लब झाला, पहाटे अजिंक्यतारा चढून झाला, बागेतल्या बाकावर बसून सरकार पाडून झालं. मग कुणीतरी सांगितलं की, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक परिचय वर्ग घेतात. मंगळवारी भारतीय दर्शनं, शुक्रवारी नीतिशास्त्र. फी नाममात्र. नानांनी नाव घातलं. श्रीनिवास दीक्षितांची 'भारतीय तत्त्वज्ञान' आणि 'नीतिमीमांसा' ही दोन्ही पुस्तकं आणली, त्यांना खाकी कव्हरं घातली, वर लेबल चिकटवून नाव लिहिलं, विषय लिहिला, आणि 'इयत्ता'पुढे एक आडवी रेघ मारली. लाल-निळी पेन्सिल खात्यातून निघताना बरोबर आलेलीच होती. अस्तेयाचं प्रकरण तेव्हा शिकवून व्हायचं होतं.

वर्ग जूनमध्ये सुरू होतो. क्रम ठरलेला: चार्वाक, जैन, बौद्ध, मग न्याय-वैशेषिक, सांख्य-योग, मीमांसा, आणि सगळ्यात शेवटी वेदान्त. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'तही सुरुवात चार्वाकापासूनच आहे आणि शांकरमत शेवटी. पायरीपायरीने वर चढायचं, अशी त्यामागची कल्पना. पण माधवाचार्यांना साताऱ्यातल्या मार्च-एप्रिलचा अनुभव नसावा. मीमांसा संपता संपता लग्नसराई लागते, नातवंडांच्या परीक्षा आटपतात, मुंबईची मंडळी येऊन धडकतात, आंब्याच्या पेट्या येतात, आणि वर्ग 'पुढचं सवडीने' म्हणून थांबतो. जूनमध्ये नवी मंडळी आलेली असतात. पुन्हा चार्वाक. त्यामुळे नानांची आणि ब्रह्माची गाठ अजून पडलेली नाही. त्यांच्या पुस्तकातली चार्वाकाची पानं सुटी झाली आहेत आणि शंकराचार्यांची अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. 'गीतारहस्या'चंही तेच. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात काही महिन्यांत लिहून काढलेला आणि १९१५ साली छापून आलेला तो ग्रंथ नानांनी हौसेने घेतला. त्याचं पहिलं प्रकरण 'विषयप्रवेश', दुसरं 'कर्मजिज्ञासा'. दुसऱ्या प्रकरणात खूण म्हणून घातलेलं विजेचं बिल तिथंच पिवळं पडलंय.

अशी माणसं सगळीकडे असतात. कुणी होमिओपॅथीच्या पहिल्या पुस्तकात असतं, कुणी ज्योतिषाच्या. नानांचं वेगळेपण एवढंच की ते त्या त्या महिन्यात जे शिकतात तेच होऊन बसतात.

जूनमध्ये ते चार्वाक असतात. बाहेर पाऊस, आत खेकडा भजी, आणि प्रत्यक्षाखेरीज दुसरं प्रमाण नाही. या दिवसांत त्यांना हवामानखात्याचा अंदाज सांगू नये, ते अनुमान झालं. पृथ्वी, आप, तेज, वायू या चारांच्या मिश्रणातून चैतन्य कसं निघतं, हे सांगायला चार्वाकमतात विड्याचा दाखला आहे. पान, सुपारी, चुना यातल्या एकातही लाल रंग नाही, पण एकत्र चावले की तोंड लाल. नानांनी हे कोपऱ्यावरच्या पानवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "नाना, रंग कातानं येतो." नाना म्हणाले, "चार्वाकांच्या यादीत कात नाही." पानवाल्याने खांदे उडवले. नानांनी बिनकाताचा विडा लावून घेतला, तिथंच उभं राहून चावला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन प्रमाण सादर केलं. लाल होतं.

या चार्वाकपर्वाची सांगता कांदेनवमीला होते. आषाढ शुद्ध नवमीला घरात कांद्याची भजी, कांद्याचं पिठलं, कांद्याची थालिपीठं असं सगळं एकदम होतं, आणि दोन दिवसांनी चातुर्मास आणि जैन दर्शन बरोबरच सुरू होतात. मग महिनाभर 'स्यात्'. माईंनी आतून विचारलं, "दूध आलं का हो?" तर नाना म्हणतात, "एका अपेक्षेने आलं." म्हणजे पिशवी आली, पण गाईची मागितली होती आणि म्हशीची आली. माई म्हणजे नानांच्या मंडळी. त्यांच्याकडे दर्शनं नाहीत, हरिपाठ आहे. तो रोज संध्याकाळी असतो आणि त्याला उन्हाळ्याची सुट्टी नसते.

पितृपक्षापर्यंत वर्ग बौद्धांवर आलेला असतो. सगळं क्षणिक, आत्मा म्हणून कायमची वस्तू नाही. आणि चार्वाकांनी श्राद्धाची केलेली टिंगल तर ताजीच असते. तरी तिथीच्या दिवशी नाना पंचा नेसून गच्चीवर पान ठेवतात आणि कावळ्याची वाट बघत उभे राहतात. मी एकदा विचारलं, "नाना, आत्माच नाही, तर हे कुणासाठी?" नानांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "कावळ्यासाठी. कावळा प्रत्यक्ष आहे."

न्यायदर्शन दिवाळीच्या आसपास येतं आणि ते नानांचं खरं आवडतं. पाच अवयवांचं वाक्य करायला मिळालं की त्यांना पाटबंधारे खात्यात असल्यासारखं वाटतं. प्रत्येक गोष्ट रीतसर मांडलेली. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथं विस्तव आहे, हे त्याचं हजारो वर्षांचं ठरलेलं उदाहरण. (भारतीय तर्कशास्त्रात सामानसुमान फार कमी लागतं. एक घडा, एक वस्त्र, एक दोरी, एक साप, धुराचा डोंगर आणि देवदत्त. एवढ्यावर दीड-दोन हजार वर्षं चाललं.) एका संध्याकाळी नाना जिन्यात उभे असताना मागच्या वाड्यातून पांढरा लोट उठताना दिसला. आम्ही बादली शोधायला पळालो. नाना मात्र कठड्याला धरून म्हणाले, "थांबा. तो वाडा अग्नियुक्त आहे. कारण धूर. जिथं धूर तिथं अग्नी, जसं स्वयंपाकघर. हा वाडाही तसाच धुराने युक्त..." निगमनापर्यंत पोचले तोवर त्या लोटातून तोंडाला फडकं बांधलेला नगरपालिकेचा माणूस खांद्यावर यंत्र घेऊन बाहेर आला. डासांसाठी धूर फवारणी चालली होती.

दुसरा माणूस ओशाळला असता. नानांचा चेहरा उजळला. जो धूर वाटला तो धूरच नव्हता, म्हणजे हेतू असिद्ध. पाच हेत्वाभासांपैकी चौथा त्यांना दारात चालत आला होता! ते खाली उतरून त्या माणसाकडे गेले आणि खात्री करून घ्यायला लागले. डिझेलमध्ये औषध मिसळून ते तापवतात, त्याची वाफ बाहेर पडून गार होते आणि तेच हे पांढरं दिसतं, असं त्याने सांगितलं. नानांनी मान डोलावली. मग तो सहज म्हणाला, "आत पेट्रोल पेटतंय नव्हं. त्याबिगर तापणार कसं?"

नाना गप्प झाले. म्हणजे धूर नव्हता, पण विस्तव होता. हेतू खोटा आणि निष्कर्ष खरा. आठवडाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही. पुढच्या मंगळवारी सरांना विचारलं, तर सर म्हणाले, नेमका हाच पेच बाराव्या शतकात श्रीहर्षाने 'खंडनखंडखाद्या'त टाकून नैयायिकांना जेरीला आणलंय. धुक्याला धूर समजून अग्नीचं अनुमान केलं आणि तिथं खरोखरच अग्नी निघाला, तर त्याला ज्ञान म्हणायचं का? नाना त्या रात्री आमच्याकडे पेढे घेऊन आले. "बाराव्या शतकापर्यंत पोचलो," म्हणाले.

पण सांख्याने त्यांचं जे केलं ते कुणी केलं नाही. सांख्य त्यांना पहिल्याच तासाला पटलं. पुरुष चेतन आहे पण काही करत नाही, तो नुसता साक्षी. सगळा संसार चालवते ती प्रकृती. मार्गशीर्षातली थंडी होती. नाना शाल गुंडाळून आरामखुर्चीत बसले आणि साक्षी झाले. सिलिंडर आला, नानांनी पाहिला. नळाला पाणी आलं, नानांनी पाहिलं. गच्चीवरचे सांडगे पावसाच्या शिंतोड्यात भिजायला लागले, तेही नानांनी अलिप्तपणे पाहिलं आणि माईंना हाक मारून कळवलं. माईंनी शेवटी कमरेवर हात ठेवून विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं दर्शन समजावून सांगितलं. माईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. ईश्वरकृष्णाने प्रकृतीला नर्तकीची उपमा दिली आहे, प्रेक्षकांना आपली कला दाखवून झाली की ती आपण होऊन निवृत्त होते, हेही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने माई निवृत्त होऊन लेकीकडे चिंचवडला गेल्या.

नानांना आठ दिवस कैवल्य मिळालं. पहिले दोन दिवस डबा आणला. तिसऱ्या दिवशी त्यांनी दूध तापवलं, कोमट केलं, आणि सकाळपर्यंत दही होईल म्हणून झाकून ठेवलं. विरजण लावलं नाही. सत्कार्यवादाप्रमाणे दही दुधात आधीपासूनच असतं, नवीन काही निर्माण होत नाही. सकाळी दूध नासलेलं होतं. पण नाना मागे हटणाऱ्यातले नव्हेत. वाटी घेऊन खाली आमच्याकडे आले आणि म्हणाले, "दही असतं दुधातच. पण व्यक्त व्हायला निमित्त लागतं. चमचाभर द्या." माई परत आल्या तेव्हा नाना दळणाची पिशवी घेऊन जिना उतरत होते. साक्षित्वाचा विषय तेव्हापासून घरात निघालेला नाही. त्या वर्षी योगदर्शन जरा लवकर सुरू झालं, असं नानांनीच आम्हाला सांगितलं.

योगदर्शनातले यम त्यांनी गंभीरपणे घेतले. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. यातलं अस्तेय, म्हणजे चोरी न करणं, वाईच्या गाडीत उगवलं. एसटीत पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२२ पासून प्रवास फुकट आहे आणि पासष्ट ते पंच्याहत्तरवाल्यांना अर्धं तिकीट. नानांना पंच्याहत्तरीला चार महिने कमी होते. कंडक्टरने पांढरे केस बघून कार्ड न मागताच फुकटचं तिकीट हातावर ठेवलं. नाना म्हणाले, "मला चार महिने अवकाश आहे. अर्धं द्या."

"बसा की गप, आजोबा. चार महिन्यानं काय व्हतंय?"

"अस्तेय होत नाही."

कंडक्टरला ते गावाचं नाव वाटलं. "अस्तेय कुठं आलं? ही गाडी वाईची हाय."

गाडी पाचवडच्या थांब्यावर उभी होती. नाना दरवाजाशी उभे राहून पतंजली सांगत होते. मागून आवाज आला, "ओ, पन्नास माणसांचा खोळंबा झालाय एका म्हाताऱ्यापायी!" आणि इथं नाना खरंच अडकले, कारण आदल्याच शुक्रवारी सरांनी बेंथॅम शिकवला होता. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. सुखाची तीव्रता, टिकाऊपणा, खात्री, जवळपण, अशा सात मापांनी मोजणी करायची, आणि सातवं माप म्हणजे ते किती जणांना पोचतं. पन्नास विरुद्ध एक! नाना खाली बसले. डबल बेल झाली. उतरताना मात्र त्यांनी अर्ध्या तिकिटाचे पैसे मोजून कंडक्टरच्या सीटवर ठेवले आणि तो हाक मारेपर्यंत गर्दीत शिरले. पतंजली आणि बेंथॅम दोघांचंही समाधान झालं. कंडक्टरचा हिशेब संध्याकाळी किती जुळला, ते कळलं नाही.

नानांची नात पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करते. नागरी सेवा परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राची अडीचशे गुणांची वेगळी प्रश्नपत्रिका आली, त्यामुळे आजोबांचा आपल्याला उपयोग होईल अशी तिची समजूत होती. तिने प्रश्न वाचून दाखवला, "तुम्ही एका जिल्ह्याचे जिल्हाधिकारी आहात..." नाना म्हणाले, "थांब. 'तुम्ही' म्हणजे कोण? देह, मन की आत्मा?" तिला एका प्रश्नाला मोजकीच मिनिटं मिळतात. ती आता क्लास लावते.

मीमांसेचा महिना तुलनेने शांत जातो. नाना सोसायटीचा नोटीसबोर्ड वाचतात. 'मेंटेनन्स दहा तारखेच्या आत भरावा' हा विधी. 'जिन्यात चपला ठेवू नयेत' हा निषेध. 'आपली सोसायटी, आपलं कुटुंब' हा अर्थवाद, नुसती स्तुती, त्यातून कर्तव्य निघत नाही. पण याच महिन्यात त्यांनी एक चूक केली. सूनबाईंना अर्थापत्ती शिकवली. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी लठ्ठ आहे, तर तो रात्री जेवत असला पाहिजे. दुसरा अर्थ लागतच नाही. मीमांसकांनी हे वेगळं प्रमाण मानलंय, नैयायिक मानत नाहीत, असं सगळं रंगवून सांगितलं. सूनबाई पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि पर्समधून नानांचा रिपोर्ट काढला. उपाशीपोटीची साखर उत्तम. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी मात्र चढलेली. "नाना आमच्यासमोर गोड खात नाहीत," सूनबाई म्हणाल्या, "तरी सरासरी वाढते. तर मग?" माईंनी उठून नानांचं पुस्तकांचं कपाट उघडलं. 'गीतारहस्या'च्या मागे तिळाच्या वड्यांचा डबा होता. नाना एवढंच म्हणाले, "सूनबाईंना विषय चांगला समजलाय."

आता स्थळाचं सांगतो. आमच्या समोरच्या मुलाचं कराडच्या एका मुलीशी जमत आलं होतं आणि मुलीकडचे चौकशीला आले. रिवाजाप्रमाणे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं, आणि रिवाजाप्रमाणे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी 'मुलगा लाखात एक' म्हणायचं. मुलगा चांगलाच आहे. नोकरी आहे, आईबापांना धरून आहे. फक्त मावा खातो. हे सगळ्या गल्लीला ठाऊक आणि सगळी गल्ली गप्प. मुलीचे वडील नेमके नानांकडे गेले, आणि शुक्रवारी कांट चालू होता.

कांट म्हणतो, खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. दारात खुनी येऊन 'तुझा मित्र कुठं लपलाय' असं विचारायला लागला तरी नाही. महाभारताच्या कर्णपर्वात याच्या बरोबर उलट गोष्ट आहे. कौशिक नावाच्या ब्राह्मणाने दरोडेखोरांना लोक कुठं पळाले ते खरं सांगितलं, आणि त्या खऱ्यापायी तो नरकात गेला. नानांनी पाहुण्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणाले, "मला विचाराला एक दिवस द्या." लग्नाच्या चौकशीत असं उत्तर आजवर कुणी दिलं नसेल. पाहुणे चक्रावून गेले.

रात्री वरच्या मजल्यावर बराच वेळ फेऱ्यांचा आवाज येत होता. सकाळी नानांनी त्या मुलाला बोलावून घेतलं. दार लावलं नव्हतं, त्यामुळे आम्हाला ऐकू आलं. "हे बघ बाळ, ते संध्याकाळी येणार आणि मला विचारणार. मी खोटं सांगणार नाही. मधे दिवसभराचा वेळ आहे. तुला काय करायचं ते कर." पोरगा कानशिलं लाल करून खाली उतरला. दुपारी त्याने मुलीला फोन केला आणि स्वतःच सांगून टाकलं. मुलगी म्हणाली, मला पहिल्या दिवशीच दात बघून कळलं होतं, कधी सांगतोस याची वाट बघत होते. संध्याकाळी वडील आले ते चौकशीला नव्हे, आमंत्रणाला. नानांनी वहीत त्या दिवशीची नोंद केली आहे, मला दाखवली: 'निष्पत्ती उत्तम. परंतु कांटला निष्पत्ती चालत नाही. सरांना विचारणे.'

लग्न वैशाखात झालं. वर्ग अर्थातच बंद होता, वेदान्त राहिलाच. पंगतीत मुलीचे वडील नानांच्या शेजारी येऊन बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "धाकटीसाठी साताऱ्यातलंच एक स्थळ आलंय. तुम्ही जरा बघाल का? तुमच्या शब्दावर आमचा विश्वास बसला." नाना म्हणाले, "शब्द हे प्रमाण आहे खरं, पण आधी प्रत्यक्ष जाऊन बघावं लागेल." उजवा हात खरकटा होता, म्हणून डाव्या हाताने खिशातून वही आणि लाल-निळी पेन्सिल काढून त्यांनी मुलाचं नाव-गाव उतरवून घ्यायला सुरुवात केली. मान वर केली तेव्हा समोरच्या पंगतीत सूनबाई बसलेल्या दिसल्या, आणि त्या नानांच्या पानातल्या तिसऱ्या जिलबीकडे बघत होत्या. अर्थापत्तीची गरज पडली नाही.